साथ कोण कुणाची करतं?



मी हार्मोनियमची साथ करतो. इंदूरला राहतो. गवयाच्या डाव्या हाताला बसायचं, त्याच्या श्वासाकडे कान ठेवायचा, तो थांबला की मधली जागा भरायची, तो निघाला की मागे सरकायचं. हे माझं गेल्या तीसेक वर्षांचं काम. आज मात्र मी बोलणार आहे एका पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाबद्दल. आधीच सांगतो, मी त्या संगीतातला जाणकार नाही. पण साथ म्हणजे काय, हे मला कळतं असं मला वाटत होतं. त्या संध्याकाळी ते जरा डळमळलं, म्हणून इथे उभा आहे.

झालं असं, की एका मैफलीसाठी मुंबईला गेलो होतो. मैफल दुसऱ्या दिवशी होती, संध्याकाळ मोकळी होती. यजमानांच्या मुलीकडे एक जास्तीचं तिकीट होतं. ती म्हणाली, "काका, चला. व्हायोलिन आहे, तुम्हाला आवडेल." कार्यक्रमपत्रिकेत दोनच रचना होत्या, दोन्ही योहानेस ब्राम्सच्या. मध्यंतरापूर्वी व्हायोलिन कन्चेर्टो, मध्यंतरानंतर दुसरी सिंफनी. कन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वादक आणि त्याच्यासमोर अख्खा ऑर्केस्ट्रा. सिंफनीत मुख्य वादक नसतो, ऑर्केस्ट्रा हाच गवई.

सुरुवात ओळखीची वाटली. ओबोनं एक स्वर धरला आणि पन्नास-साठ माणसांनी आपापली वाद्यं त्याला मिळवली. मग मुख्य व्हायोलिनवादक आला. टाळ्या झाल्या. कंडक्टरनं हात उचलला, ऑर्केस्ट्रा सुरू झाला, आणि तो वादक नुसता उभा. व्हायोलिन काखेत, नजर खाली. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं, दोन गेली. मी अस्वस्थ झालो. आमच्याकडे गवई स्टेजवर असताना पेटीवाल्यानं इतका वेळ एकट्यानं वाजवलं, तर दुसऱ्या दिवशी पेटी दुसऱ्याच्या हातात दिसेल!

नव्वद मापं, म्हणजे साधारण अडीच मिनिटं, तो माणूस गप्प होता. आणि मग तो आत आला तो गोडव्यानं नाही, तुटून पडल्यासारखा. ही रचना डी मेजरमधली आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर पांढरी दोनचा सा आणि बिलावलचे स्वर. ऑर्केस्ट्रानं तो उजेड आधी मांडून ठेवलेला असतो. व्हायोलिन येतं तेव्हा गंधार उतरलेला असतो. शुद्धचा कोमल झालेला. खाली नगाऱ्यासारखी टिंपनी घुमत असते आणि वर तो एकटा, खालच्या तारेपासून वरपर्यंत चढत, जणू काही भांडणच काढायला आलेला. नंतर बऱ्याच वेळानं तो शांत होतो, आणि ऑर्केस्ट्रानं मांडलेली सुरुवातीची धून पहिल्यांदा त्याच्या हातात येते. मी खुर्चीत पुढे सरकून बसलो ते तिथे.

घरी आल्यावर या रचनेबद्दल मिळेल ते वाचायला लागलो. वाचता वाचता लक्षात आलं, की या कन्चेर्टोच्या पोटात दोन माणसांची मैत्री आहे.

पहिला ब्राम्स. जन्म 1833, हॅम्बुर्गचा. वडील डबल बास वाजवायचे. हा स्वतः पियानोवाला. दुसरा योझेफ योआखिम, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा, तेव्हाच्या हंगेरीत जन्मलेला व्हायोलिनवादक. योआखिमनं वयाच्या बाराव्या वर्षी, 1844 साली, लंडनमध्ये बीथोव्हनचा व्हायोलिन कन्चेर्टो वाजवला होता, मेंडेलसोनच्या संचालनाखाली. 1853 मध्ये ही दोन पोरं भेटली. ब्राम्स वीस वर्षांचा, कुणालाही माहीत नसलेला. योआखिम बावीसचा आणि नावाजलेला. त्यानं ब्राम्सला शुमान दांपत्याकडे जायला सांगितलं. त्याच वर्षी रॉबर्ट शुमाननं ब्राम्सवर लेख लिहिला आणि त्याचं नाव जर्मनीभर झालं. दार उघडून दिलं ते योआखिमनं.

आता 1877 वर येऊ. ब्राम्स उन्हाळ्यात ऑस्ट्रियातल्या एका तळ्याकाठी, पोर्चाख नावाच्या गावी राहायला गेला. पहिली सिंफनी पुरी करायला त्याला कितीतरी वर्षं लागली होती, ती आदल्याच वर्षी लोकांसमोर आली होती. दुसरी मात्र एका उन्हाळ्यात झाली. तिथल्या हवेबद्दल त्यानं एका मित्राला लिहिलं होतं, की इथे इतक्या धुना उडत असतात की पायाखाली येणार नाहीत हे सांभाळावं लागतं. पुढच्या उन्हाळ्यात, 1878 मध्ये, तो पुन्हा तिथेच गेला आणि व्हायोलिन कन्चेर्टो लिहिला. तेच गाव, तेच तळं, तीच पांढरी दोन. म्हणून या दोन रचना एका संध्याकाळी शेजारी शेजारी ठेवणं फार शहाणपणाचं आहे. सख्ख्या बहिणीच त्या.

व्हायोलिनला ही पट्टी सोयीची का, ते आपल्याला सहज कळेल. त्यांच्याकडे व्हायोलिनच्या चार तारा जी, डी, ए आणि ई अशा लावतात. डीला सा धरला, तर सा आणि प दोन्ही मोकळ्या तारांवर मिळतात. वाद्य आपोआप बोलतं. पण ब्राम्स व्हायोलिन वाजवणारा नव्हता. त्याच्या डोक्यात पियानोची बोटं. मग त्यानं काय केलं? ऑगस्टमध्ये व्हायोलिनचा भाग लिहून काढला आणि योआखिमला पाठवून दिला. सोबतच्या पत्राचा आशय असा, की जिथे अवघड आहे, अडचणीचं आहे, अशक्य आहे, तिथे तसं लिही. मी चांगलं लिहिलंय म्हणून गय करू नकोस.

पंचेचाळीस वर्षांचा, नाव झालेला माणूस हे लिहितोय, हे लक्षात घ्या.

योआखिमचं उत्तरही ऐकण्यासारखं आहे. बहुतेक सगळं वाजवता येण्यासारखं आहे, काही जागा तर फार नव्या आहेत, असं तो म्हणतो. पण तापलेल्या सभागृहात हे निवांतपणे वाजवता येईल का, ते एकदा सबंध ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही. हे वाचून मी मोठ्यानं हसलो. हा खरा वाजवणारा! घरच्या रियाजात बसलेली जागा गरम सभागृहात, घामेजल्या बोटांनी बसेलच असं नाही, हे फक्त मैफली केलेला माणूसच सांगू शकतो.

मग महिनोन्महिने पत्रं चालली. मूळ योजना चार भागांची होती. मधले दोन भाग ब्राम्सनं काढून टाकले आणि त्यांच्या जागी एक संथ भाग लिहिला, ज्याला तो स्वतःच दुबळा म्हणाला. योआखिमच्या काही सूचना त्यानं घेतल्या, काही ऐकून सोडून दिल्या. रचनेचं हस्तलिखित आज अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. त्यात दोघांचीही अक्षरं आहेत.

आणि एक जागा ब्राम्सनं मोकळीच सोडली. पहिल्या भागाच्या शेवटाकडे ऑर्केस्ट्रा थांबतो आणि व्हायोलिन एकटं वाजतं, त्याला कादेन्झा म्हणतात. ती ब्राम्सनं लिहिलीच नाही, योआखिमवर सोडली. पुढे इतरांनीही आपापल्या लिहिल्या, पण योआखिमची आजही सर्रास वाजते. ती संपते तिथे कान द्या. इतका वेळ झगडलेलं व्हायोलिन अगदी वरच्या सप्तकात, हळू आवाजात, ऑर्केस्ट्राची ती पहिलीच धून वाजवायला लागतं, आणि ऑर्केस्ट्रा त्याच्याखाली जेमतेम श्वास घेतो.

1 जानेवारी 1879 ला लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये पहिला प्रयोग झाला. व्हायोलिनवर योआखिम, संचालनाला ब्राम्स. लोकांनी लगेच डोक्यावर घेतलं, असं काही झालं नाही. हा कन्चेर्टो व्हायोलिनसाठी नाही, व्हायोलिनच्या विरुद्ध लिहिलाय, असा एक शेरा तेव्हा गाजला. सारासाते नावाच्या थोर व्हायोलिनवादकाचीही एक गोष्ट सांगतात. दुसऱ्या, संथ भागाची सुरुवात ओबोनं होते. फार सुंदर, लांबलचक धून, आणि व्हायोलिनवाला पुन्हा उभा. सारासाते म्हणे म्हणायचा, सगळ्यात गोड धून ओबोनं वाजवायची आणि मी हातात व्हायोलिन घेऊन ती ऐकत उभं राहायचं, इतका मी बेचव माणूस नाही.

सारासातेचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मुख्य कलाकाराला तसं वाटणं साहजिक आहे. पण मी साथीदार आहे, मला ती जागा वेगळी दिसते. ओबो आपली धून पुरी करतो. मग व्हायोलिन येतं आणि तीच धून जशीच्या तशी परत वाजवत नाही, तिला धरून फिरतं, उलगडतं. आमच्याकडे गवयानं एक जागा घेतली की मी ती पेटीवर उचलतो. इथे मुख्य कलाकार साथीदाराची जागा उचलतो. त्यासाठी आधी उभं राहून ती ऐकावी लागते. साथ कोण कुणाची करतंय, हा प्रश्न मला तिथे पडला.

तिसरा भाग मोकळा, नाचरा. त्यात हंगेरीचा रंग आहे, आणि तो योआखिमच्या जन्मभूमीला केलेला नमस्कार आहे असं मानतात. योआखिमनं त्याआधी हंगेरियन ढंगाचा एक कन्चेर्टो लिहून ब्राम्सला अर्पण केला होता. ब्राम्सनं आपला कन्चेर्टो योआखिमला अर्पण केला. फिटंफाट.

मध्यंतरात चहा घेतला आणि सिंफनीला बसलो. मनात म्हटलं, आता कुणाकडे बघायचं? मुख्य वादकच नाही. तेवढ्यात चेलो आणि डबल बास, म्हणजे अगदी खालची वाद्यं, तीन स्वर वाजवतात. डी, सी शार्प, डी. आमच्या भाषेत: सा, नी, सा. बस्स, एवढंच. पण हे तीन स्वर पुढे कुठे कुठे निघतात ते ऐकत राहा. कधी वर, कधी आत, कधी पटपट, कधी रेंगाळत. पहिला भाग त्यांनीच विणलाय.

ही सिंफनी लोक सुखाची मानतात, पण पहिलं मिनिट संपायच्या आसपास टिंपनी हळूच घुमते आणि ट्रॉम्बोन आणि ट्यूबा अगदी दबक्या आवाजात येतात. उन्हात ढगाची सावली सरकावी तसं. लाखनर नावाच्या एका संगीतकारानं ब्राम्सला विचारलं, की इतक्या प्रसन्न रचनेत ही जड वाद्यं कशाला? ब्राम्सनं उत्तर दिलं, त्याचा आशय असा: मी मुळात उदास माणूस आहे, आपल्या डोक्यावर काळे पंख फडफडत असतात. पहिल्या भागात ट्रॉम्बोनशिवाय भागवायचा प्रयत्न केला, पण त्या जागी मला ते लागलेच. हेच ट्रॉम्बोन शेवटच्या भागात सगळ्यात तेजस्वी वाजतात, शेवटचा सूर धरून ठेवतात. सिंफनी संपेपर्यंत मला कळलं होतं, की बघायला एकच माणूस नसला म्हणून काही अडत नाही.

30 डिसेंबर 1877 ला व्हिएन्नात हान्स रिख्टरनं ही सिंफनी पहिल्यांदा सादर केली तेव्हा तिसरा भाग लोकांनी पुन्हा वाजवायला लावला. चेलोच्या तारा बोटांनी छेडल्या जातात आणि वर पुन्हा ओबो! आज दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवली तर शेजारचा वळून बघतो. तेव्हा 'वन्स मोअर' चालायचं, आपल्या संगीत नाटकासारखं.

आणि हे संगीत आपल्याला अगदी परकं आहे असंही समजू नका. मेहली मेहतांनी 1935 साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचा मुलगा झुबिन 1954 मध्ये शिकायला गेला तो ब्राम्सच्याच व्हिएन्नाला. गोव्याच्या कितीतरी वादकांनी गावातल्या चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकून मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिनं वाजवली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच, प्यारेलालजींचे गुरू. आपण हिंदी गाण्यांत तो ताफा लहानपणापासून ऐकतोय, फक्त तिकडे कान देऊन ऐकत नव्हतो.

आता त्या मैत्रीचं पुढे काय झालं, ते सांगायला हवं. योआखिमची बायको अमाली, गायिका. योआखिमला तिच्याबद्दल संशय आला. ब्राम्सला तो खोटा वाटला, आणि 1880 च्या अखेरीस त्यानं अमालीला धीर देणारं पत्र लिहिलं. त्यात त्यानं मित्राच्या संशयी स्वभावाबद्दलही मोकळेपणानं लिहिलं होतं. घटस्फोटाच्या खटल्यात ते पत्र कोर्टापुढे आलं. योआखिमनं ब्राम्सशी बोलणं टाकलं. पण एक गोष्ट त्यानं सोडली नाही. ब्राम्सची रचना वाजवणं.

इथे मला माझ्याबद्दल दोन शब्द बोलावे लागतील. माझा एक गवई मित्र आहे. एकोणीस वर्षं मी त्याची साथ केली. एका मैफलीनंतर रात्री एक वाजता, परतीच्या गाडीत त्यानं विचारलं, "आज कसं झालं?" मी म्हणालो, "लोक खूश झाले. पण आज तू गायलाच नाहीस, टाळ्या गोळा केल्यास." तो काही बोलला नाही. पुढच्या कार्यक्रमाला त्याच्या डाव्या हाताला दुसरा पेटीवाला होता. सहा वर्षं आम्ही बोललो नाही.

सहा वर्षं मी स्वतःला सांगत होतो, की मी खरं बोललो. ब्राम्सची पत्रं वाचल्यावर मला पहिल्यांदा माझी चूक दिसली. योआखिमनं दुरुस्ती केली ती कागदावरच्या स्वरांची, मैफलीच्या आधी, आणि ही जागा अशी वाजवून बघ असं सांगून. मी दुरुस्ती केली ती माणसाची, मैफल संपल्यावर, जेव्हा बदलण्यासारखं काही उरलं नव्हतं. ब्राम्सचंही तेच झालं. कन्चेर्टोच्या कागदावर मित्राशी इतका जपून वागणारा माणूस, पण मित्राबद्दलचं खरं त्यानं भलत्याच कागदावर लिहिलं. खरं बोलणं एवढंच पुरत नाही. ते कधी, कुणापुढे आणि कशाबद्दल, हेही साथीतच येतं.

1887 मध्ये ब्राम्सनं व्हायोलिन आणि चेलो अशा दोन मुख्य वाद्यांसाठी एक कन्चेर्टो लिहिला आणि योआखिमला पत्र टाकलं, की तुला नको असेल तर एका कार्डावर तेवढंच लिहून पाठव, मी समजेन. योआखिमनं नको म्हटलं नाही. त्या ऑक्टोबरात कोलोनला तो प्रयोग झाला. व्हायोलिनवर योआखिम, चेलोवर रॉबर्ट हाउसमान, संचालनाला ब्राम्स. क्लारा शुमाननं आपल्या रोजनिशीत त्या रचनेला समेटाची रचना म्हटलं.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्यानं मला एक रेकॉर्डिंग पाठवलं. माझ्या मित्राची मैफल. अल्हैया बिलावलातली एक बंदिश. ती माझी होती, भांडणाच्या आधी मी त्याला बांधून दिलेली. गायच्या आधी त्यानं सांगितलं, बंदिश कुणाची ते, माझं नाव घेऊन. आणि अंतऱ्यात त्यानं एक शब्द समेच्या अलीकडे ओढला होता. मी पेटी काढली, चार वेळा वाजवून पाहिलं. त्याचं बरोबर होतं. माझी मूळची जागा अडखळत होती.

मी त्याला निरोप पाठवला: "अंतऱ्यातला बदल तसाच ठेव."

त्याचं उत्तर आलं: "ठेवलाच आहे. स्थायीतही एक आहे, ये, दाखवतो."

अजून आम्ही स्टेजवर एकत्र बसलेलो नाही. पण मी गेलो होतो. स्थायीतला बदल मला पटला नाही, तो त्यानं ऐकून घेतला आणि सोडून दिला.

तेव्हा कधी जमलं तर या दोन रचना एका बैठकीत ऐका. दीड तास काढा, मध्ये चहा घ्या. कन्चेर्टो सुरू झाला आणि व्हायोलिन वाजेना, तर घड्याळ बघू नका. तो काय ऐकतोय ते ऐका.